हौसाआत्या, मी अर्ज मागे घेतलेला नाही

आत्या, तुला वाचता येत नव्हतं आणि मला तुझ्यापुढे धड बोलता येत नव्हतं. म्हणून हे लिहिताना मी एकेक वाक्य आधी तोंडानं म्हणून बघतो आहे. माझ्याबरोबर खोलीत राहणारा सोलापूरकडचा मुलगा मघाशी विचारत होता, "पाठांतर चाललंय का रे?" मी हो म्हणालो. एका बाईशी माझं भांडण अर्धं राहिलं आहे आणि ती बाई आता नाही, हे त्याला कसं सांगायचं ते मला सुचलं नाही.

वैशाखातली गोष्ट. तू तुमच्या ओट्यावर बाजरी पाखडत होतीस. मी म्हणालो, "आत्या, तू हट्टी आहेस." तू सूप न थांबवता म्हणालीस, "व्हय. आन् तू शिकलेला हायेस. बघू कोन टिकतं." मला चिंचवडला गाडी गाठायची होती. मी उठलो. टेकडी उतरताना मी मागे वळून बघितलं का, हे कितीही आठवलं तरी आठवत नाही. बघितलं असेल असं मी धरून चालतो. तेवढी सवलत घेतो.

आमचे मराठीचे सर म्हणाले, गेलेल्या माणसाला लिहायचं असेल तर ज्यांनी त्या माणसाला कधी पाहिलं नाही त्यांनाही ते दिसलं पाहिजे. म्हणून तुला ठाऊक असलेलंच थोडं सांगतो. कंटाळू नकोस.

आकुर्डीच्या वरच्या अंगाला, टेकडीच्या उतारावर आपली बावीस घरांची वाडी. खाली मुंबईची सडक, सडकेलगत मोठी विहीर, आणि तिथून पुढे चालत गेलं की चिंचवडचं स्टेशन. वाडीतून खाली उतरायला वाट अशी नव्हती. पावसाचं पाणी ज्या घळीनं उतरायचं त्याच घळीनं माणसं चढायची. फाल्गुनात वरची विहीर आटली की बायका खालच्या विहिरीवरून हंडे आणायच्या, आणि दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी पडायचं. पडलेल्या बाईला लोक विचारायचे, "हंडा फुटला न्हाई ना?"

तू माझी सख्खी आत्या नव्हतीस. वाडीतल्या सोपानकाकांची बहीण. चाकणला दिलेली, नवरा गेल्यावर भावाकडे परत आलेली. वाडीची लेक म्हणून तू सगळ्यांचीच आत्या झालीस. माझा आजा तुझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठा, तोही तुला आत्या म्हणायचा. तू त्याला म्हणायचीस, "या बाळ, बसा." आजा गेला त्या दिवशी तू एकटीच म्हणालीस की माझा सगळ्यात थोरला भाचा गेला, आणि रडता रडता घरातली माणसं हसली होती.

अवसेला, म्हणजे अमावस्येला, आपल्याकडे औत धरत नाहीत. बैलांना सुट्टी, म्हणून गड्यांनाही सुट्टी. बायकांना मात्र पाणी चुकत नाही. अशाच एका अवसेला तू सोपानकाकांची पहार घेऊन घळीच्या तोंडाशी गेलीस आणि दगड उकरायला लागलीस. पारावर बसलेल्या मंडळींना तेवढीच करमणूक झाली.

"आत्या, खजिना निघाला तर निम्मा आमचा गं!"

"निघंल त्यो दगूड तुझ्या डोस्क्यात घालीन. मग बस वाटून घेत."

दुपारपर्यंत तू एक पायरी बसवलीस. एकच. आबा, म्हणजे माझे वडील, तुला मदत करायला पहिल्यांदा उठले. का उठलात म्हणून मी विचारलं की ते सांगतात, "औत नव्हतं, करमंना." मला वाटतं ते खरं नाही. त्याच्या आदल्या महिन्यात आई त्या घळीत पडली होती. पण आबा असल्या गोष्टी सांगत नाहीत, आणि तूही त्यांना कधी विचारलं नाहीस. त्यांच्या हातात दुसरी पहार दिलीस, झालं.

तू कुणाला कधी बोलावलं नाहीस. दवंडी नाही, सभा नाही. अवसेच्या सकाळी तू जाऊन दगडावर पहार मारायचीस, आणि तो आवाज वर घराघरात ऐकू यायचा. आवाज ऐकून घरात बसवत नसे. कुणी म्हणायचं, बघून येतो. बघायला आलेल्याच्या हातात तू घमेलं द्यायचीस. असं करत करत घळीच्या शेजारून, पाण्याला तिची घळ ठेवून, आपली वाट वर सरकत आली. दोन वर्षं लागली. त्या वाटेला कुणी नाव दिलं नाही. 'वाट' म्हटलं की तीच.

तुझी एक रीत होती, ती मी कॉलेजात एकदा सांगितली तर कुणाचा विश्वास बसला नाही. दिवसभर बसवलेल्या पायऱ्या संध्याकाळी तू तपासायचीस. काठोकाठ भरलेला हंडा डोक्यावर घ्यायचा, हात न लावता खालून वर यायचं. जिथे पाणी हिंदकळून सांडेल तिथे ओला डाग पडायचा. त्या डागावर तू निरगुडीचा डहाळा टाकायचीस आणि पुढे जायचीस. बोलायची नाहीस. ज्यानं ती पायरी बसवली असेल त्यानं ती पुन्हा उपसायची, खाली कपच्या भरायच्या, पुन्हा बसवायची. मग पुन्हा हंडा.

मी बसवलेल्या पहिल्या पायरीवर तीनदा डहाळा पडला. मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होतो आणि मला बऱ्याच गोष्टी येतात असं मला वाटायचं. मी म्हणालो, "आत्या, दोरी लावून बघ. बरोब्बर सरळ आहे."

"दोरीला कुठं पानी आनायचंय?"

सोपानकाका म्हणाले, "बबन, शाळंत दगडाचा तास घ्यायला सांग मास्तरला."

चौथ्यांदा पाणी सांडलं नाही. तू शाबास म्हणाली नाहीस. वर पोचल्यावर त्याच हंड्यातलं पाणी तांब्यानं माझ्या हातावर ओतलंस आणि म्हणालीस, "धू हात. लई माती खाल्ली आज." त्या तांब्याभर पाण्याचा मला मॅट्रिक पास झाल्यापेक्षा जास्त आनंद झाला होता. हे तुला सांगायचं राहिलं.

मी पुण्याला कॉलेजात जायला निघालो तेव्हा तू माझ्याबरोबर स्टेशनपर्यंत आलीस. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच, त्यामुळे काय बोलावं हे कुणालाच कळत नव्हतं. आबा तिकिटाच्या खिडकीकडेच बघत उभे होते. तू विचारलंस, "तितं पायऱ्या हायेत का रं?" मी म्हणालो, असतील. संध्याकाळी परत आलो तर तू वाटेतच उभी. "कशा हायेत?" मी बघितल्याच नव्हत्या. दुसऱ्या दिवशी मी वर्गात जायच्या आधी जिन्याशी थांबून नीट बघितल्या आणि तुला येऊन सांगितलं की दगडी आहेत, रुंद आहेत, पण मधोमध झिजून खोलगट झाल्या आहेत. तुझा चेहरा खुलला. "म्हंजी लई लोकं शिकत्यात म्हन की." मला त्या इमारतीची भीती वाटत होती. तुला सांगितल्यावर ती थोडी कमी झाली. अजूनही मी त्या जिन्यावर मधून चालतो, कडेनं नाही.

आता जे सांगायचं आहे ते मला जड जातं.

पौषात कमळवैनी, म्हणजे सोपानकाकांची सून, अडली. दोन दिवस कळा येत होत्या. खाली न्यायचं ठरलं. घोंगडी बांबूला बांधून झोळी केली, पुढे दोघं, मागे दोघं. मागच्या दोघांत मी. निम्म्या वाटेवर ते वळण आहे, जिथे एका अंगाला कातळ आणि दुसऱ्या अंगाला उतार. तिथे झोळी अडकली. बांबूचं पुढचं टोक कातळाला टेकलं आणि मागे आमचे पाय वाटेच्या बाहेर जायला लागले. पुढे जाता येईना, मागे येता येईना. मला तेव्हा लख्ख दिसलं की ही वाट हंडा घेतलेल्या एका बाईच्या मापानं केली आहे. दोन वर्षं आपण सगळे खपलो, प्रत्येक पायरीवर पाणी तपासलं, पण आजारी माणूस चौघांच्या खांद्यावरून जाईल हे बावीस घरांत कुणाच्या डोक्यात आलं नाही. तुझ्याही नाही. आपल्याकडे आजारी माणूस खाली जातच नव्हतं. घरात पडून राहायचं.

तू म्हणालीस, "ठिवा खाली. पोराला हितंच यायचंय." गड्यांनी पाठ फिरवली. बायकांनी लुगडी आडवी धरली. मी कातळाकडे तोंड करून उभा होतो. कमळवैनीच्या ओरडण्यात तुझा आवाज ऐकू येत होता, "आगं, जिना चढल्यावानी कर, एक-एक, एक-एक." मुलगी झाली. दोघी सुखरूप. तिचं नाव सुमन ठेवलं, पण वाडी तिला वळणीच म्हणते.

त्या दिवसाचा अर्थ तू आणि मी वेगवेगळा लावला. तू सगळ्यांना सांगत सुटलीस, वाट व्हती म्हून निम्म्यावर तरी आलो, घळीत असतो तर दोघी गेल्या असत्या. मला मात्र रात्रंदिवस एकच दिसत होतं. रस्ता असता तर वैनी बैलगाडीनं दवाखान्यात गेली असती आणि उघड्यावर, चार गड्यांच्या पाठीमागे, बाळंत झाली नसती.

म्हणून मी अर्ज लिहिला. जिल्ह्यातले रस्ते करणाऱ्या लोकल बोर्डाच्या कचेरीला, वाडीला बैलगाडी जाईल असा रस्ता करून मिळावा म्हणून. हे मला सुचलं त्याला कारण होतं. मी कॉलेजात शिकतो आहे तोच एका अर्जावर. नादारी मिळावी असा अर्ज मी केला, खाली आबांचा अंगठा घेतला, आणि माझी फी माफ झाली. आमच्या घरात त्याआधी कुणी काही लिहून मागितलं नव्हतं, आणि लिहून मागितलं तर मिळतं हे मी स्वतः पाहिलं होतं. मला वाटलं, हेच तर मी वाडीसाठी आणलं पाहिजे. दुसरं माझ्याजवळ काय आहे?

बावीसही घरांचे अंगठे झाले, तुमच्या घरातून सोपानकाकांचा. तुझ्यापुढे शाईची डबी धरली तेव्हा तू विचारलंस, "काय लिवलंस?"

मी वाचून दाखवलं.

"आन् आपली वाट?"

"ती राहीलच की."

"कोन ठिवील?"

"सगळे. आत्ता ठेवतात तसे."

"न्हाई बाबा. अर्जाखाली अंगठा दिला की मानूस हात काढून घेतो. मग त्यो वर बघत बसतो, कवा येतंय म्हून."

मी हसलो, आत्या. आणि म्हणालो, "मग बाळंतीण दवाखान्यात न्यायची असेल तेव्हा काय, पहार वाजवत बसायचं?"

 "तुजं खरं हाय," तू म्हणालीस. "धाड अर्ज. पन माजा अंगठा नगं धरू." आणि अंगठा मुठीत धरलास, लहान मुलासारखा.

फाल्गुनातल्या अवसेला पहार वाजली तेव्हा निम्मीच माणसं आली. चैत्रात चार. आबा त्याच महिन्यात पिंपरीला औषधांच्या कारखान्यात लागले, आणि कारखान्याला अवस नसते. वैशाखात मी सुट्टीला घरी होतो. तू आणि मी, दोघंच गेलो. सोपानकाका ओट्यावर बसून तंबाखू मळत होते. म्हणाले, "आता बोर्डाचा रस्ता व्हनार. कशापायी दगूड उलथायचे?" त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. मीच त्यांना तसं सांगितलं होतं. मी आणलेली बातमी ते मलाच परत देत होते.

आणि मग त्याच संध्याकाळी, मी पुण्याला निघायच्या आधी, तुमच्या ओट्यावरचं ते भांडण. मी सुरुवातीला लिहिलं की मी तुला हट्टी म्हणालो. त्याच्या आधी मी काय म्हणालो ते लिहायचं टाळलं. ते आता लिहितो. तू म्हणत होतीस की पावसाच्या आधी चर साफ झाले पाहिजेत. वाटेवरून आडवे काढलेले ते सात चर, ज्यांतून पाणी घळीत जातं. ते बुजले की पाणी पायऱ्यांवरून धावतं आणि पायऱ्या उचकटतात. मी म्हणालो, "आत्या, या पावसात राहू दे की थोडी वाईट. वाट बिघडलेली दिसली तर पाहणीला येणाऱ्या साहेबाला रस्त्याची गरज पटेल."

हे मी म्हणालो. शिकलेल्या माणसानं म्हणावं तसं, शांतपणे, मुद्दा म्हणून. तू माझ्याकडे असं बघितलंस, जसं काही कुणी घरातलं भांडं विकायला काढलं आहे. त्यानंतर तू काही ऐकून घेईनास, म्हणून मी हट्टी म्हणालो.

ज्येष्ठातल्या अवसेला मी पुण्यात होतो. नादारीचा नवा अर्ज भरायचा होता, यंदापासून तिथेच राहायला खोलीची सोय बघायची होती. आबांची शिफ्ट होती. तू एकटीच गेलीस. पहार बराच वेळ वाजत होती, असं आई सांगते. "वाजायची थांबली म्हून बघाया गेले, तर चरात उतरून फावड्यानं गाळ काढत व्हती." आईनं तासभर हात लावला आणि भाकरी टाकायला वर आली. पुढे पाऊस लागला तरी तू रोज थोडी थोडी जात राहिलीस. मग ताप. सहा दिवस.

कासारवाडीचा जो गवळी गाडीनं पुण्याला दूध आणतो त्याच्याकडून मला निरोप मिळाला तेव्हा तुला जाऊन तिसरा दिवस झाला होता.

मी स्टेशनवरून चालत आलो आणि वाटेला लागलो. खालचे चर बुजलेले होते. पायऱ्या जागच्या सुटून तिरक्या झाल्या होत्या, काही घळीत गेल्या होत्या. वळण चढून वर आलो. वरून चौथा चर निम्मा उकरलेला होता, कडेला गाळाचा ढीग, त्यावर गवताचे कोंब. त्याच्या वरचे तीन चर स्वच्छ. कडा सरळ कापलेल्या, आणि त्या चरांच्या मधल्या पायऱ्यांतली एकही हललेली नव्हती. तू कुठपर्यंत आली होतीस ते कुणाला विचारावं लागलं नाही. मी त्या ढिगाशी बसलो. वर जायला मला बराच वेळ लागला.

आबांनी रात्री जेवताना सांगितलं. ताप उतरेना तेव्हा सोपानकाकांनी झोळी बांधली होती. तू नको म्हणालीस. "वळनावर अडकाल. कमळीची येळ येगळी व्हती. मला काय बाळ व्हायचं न्हाई." एवढ्या तापात तू हे बोललीस आणि स्वतःच हसलीस. सोपानकाका बांबू हातात धरून तसेच उभे राहिले. मग ओढ्याकाठच्या स्मशानात न्यायची वेळ आली तेव्हा त्याच वळणावर चौघांनी तुला खांद्यावरून उचलून डोक्यावर घेतलं. पाऊस होता. काका म्हणाले, "आत्या, जरा धरून बस." आबा हे सांगताना भाकरीचा तुकडा नुसता ताटात फिरवत होते.

गेले पंधरा-वीस दिवस मी यावर विचार करतो आहे आणि मला कुठेच पोचता येत नाही. मी अर्ज केला नसता तर वैशाखात माणसं आली असती, चर वेळेवर निघाले असते आणि तू पावसात एकटी फावडं घेऊन उभी राहिली नसतीस. हे खरं आहे. रस्ता असता तर तू दवाखान्यात पोचली असतीस. हेही खरं आहे. दोन्ही खरी असतील तर मी तुझी माफी नेमकी कशाबद्दल मागायची? अर्जाबद्दल नाही मागता येत, आत्या. त्या एका वाक्याबद्दल मागतो. वाट बिघडू दे, हे मी म्हणायला नको होतं. तुझ्यासमोर तर नकोच.

आषाढातली अवस आली. मी तास बुडवून सकाळच्या गाडीनं आलो. बोर्डाकडून एक कार्ड आलं होतं ते आईनं माझ्या हातात दिलं. अर्ज पोचला, यथावकाश विचार होईल, एवढंच त्यात होतं. मी तुमच्या घरी गेलो, तुझी पहार मागितली. काकांनी ती दिली, पण सोडली नाही. एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या.

"बबन, त्यो अर्ज मागं घे," ते म्हणाले. "आत्याला नगं व्हता. तिचा अंगठा न्हाई त्याच्यावर. आमचे बी काढ."

त्यांचे डोळे लाल झाले होते.  मला वाटलं, हो म्हणावं. हो म्हटलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं आणि मलाही. पण तोंडून निघालं ते, "नाही काका."

"न्हाई? तिच्या जिवापरीस तुझा कागूद मोठा का रं?"

तेवढ्यात आतून कमळवैनी आली, कडेवर वळणी. सासऱ्यापुढे ती कधी बोलत नाही, तुला माहीत आहे. पदर सावरत, काकांकडे न बघता, माझ्याकडे बघून म्हणाली, "नगा घेऊ मागं. आत्याबाईला न्यायाला रस्ता पायजे व्हता."

"आन् वाट?" काका म्हणाले.

"वाट बी पायजे. दोन मागितलं तर काय चोरी हाय का, मामंजी?"

 काकांनी पहार सोडली.

मला तुझ्यासारखी पहार मारता येत नाही. आवाज दबका येतो. तरी आबा आले. त्यांनी शिफ्ट बदलून घेतली होती आणि मला सांगितलं नव्हतं. कमळवैनी आली, आई आली. काका बराच वेळ ओट्यावर बसून मग आले आणि येताच मला म्हणाले, "दगूड बडवतोस का पापड लाटतोस? दे हिकडं." शेवटी आम्ही सात जण होतो. सात म्हणजे काही फार नाहीत. पारावर बसलेल्यांपैकी एकानं वरून विचारलं, "कार्डात काय आलंय? होनार का रस्ता?" मी म्हणालो, मला माहीत नाही. मागच्या वेळी मी असं म्हणालो नव्हतो. मागच्या वेळी मी होणार म्हणालो होतो.

तुझा चौथा चर आम्ही पुरा केला. खालचे तीन उघडले. सुटलेल्या पायऱ्यांपैकी निम्म्याही बसल्या नाहीत. मग भाकरी खाऊन वळणापाशी आलो. काका म्हणाले, कातळाला हात लावू नका, बाहेरच्या अंगानं खालपासून दगड रचत आणू, वर भराव घालू, म्हणजे झोळी फिरेल एवढी जागा होईल. पाच-सहा अवसा लागतील. तळाचा दगड कुठे धरायचा यावर वाद सुरू झाला. आबा म्हणाले खाली घ्या, काका म्हणाले एवढं खाली नको, आई म्हणाली दोघांनाही कळत नाही. बोलता बोलता सगळे एकदम थांबले. कुणी कुणाकडे बघेना. तुझ्या बोलण्यासाठी जेवढी जागा आम्ही नेहमी सोडत होतो तेवढी जागा सोडून आम्ही उभे होतो, आणि ती तशीच राहिली. पाऊस बारीक पडत होता. मग आबांनी एका जागी टिकाव मारला. बरोबर जागा होती की चुकीची, मला सांगता येणार नाही. तू सांगितलं असतंस.

पुढच्या अवसेला किती येतील ते मला ठाऊक नाही. मी येईन. तास बुडतील, सरांना सांगेन, ते समजून घेतील किंवा घेणार नाहीत. अर्ज बोर्डात आहे, तो तिथेच राहू दे. दर दोन महिन्यांनी मी आठवण देणारं पत्र टाकणार आहे. आणि ते वळण आम्ही रुंद करणार आहोत, बोर्डाचा माणूस आला तरी आणि नाही आला तरी. अंगठा दिला की माणसं हात काढून घेतात, असं तू म्हणाली होतीस. ते मला खोटं पाडायचं आहे. मला तुला हरवायचं आहे, आत्या. गेल्या अवसेपासून मी दुसरं काही मनात धरलेलं नाही.

फक्त एवढंच की, एखाद दिवशी खरंच असं झालं, बावीस घरांतून माणसं आली, वळणावर झोळी फिरली, आणि मी धावत तुमच्या ओट्याकडे आलो, तर मी कुणाला सांगू? वाद घालताना तू कशी दिसतेस ते मला पाठ आहे. हरल्यावर तू कशी दिसतेस, ते मी एकदाही पाहिलेलं नाही.